एक्केचाळीस नंबरचं पाकीट

थोरलीच्या पित्ताशयात खडा निघाला, तेव्हा तिला दुखण्यापेक्षा अभिमानच जास्त वाटला. घरात एवढं मोठं दुखणं आजवर कुणाला झालं नव्हतं. तीन आठवडे त्या खड्याने तिचे लाड पुरवले. चहा जागेवर, पाठीला उशी, आणि एरवी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढणारा नवरा दिवसातून दोनदा ‘कसं वाटतंय गं?’ विचारायचा. चौथ्या आठवड्यात धाकट्या जावेच्या पोटात कळ आली. तपासणी झाली आणि तिच्या पित्ताशयात तीन खडे निघाले.

“तीन?” थोरलीने विचारलं.

“बारीक आहेत हो, ताई,” धाकटी म्हणाली. “तुमचा एकच, पण दणदणीत.”

धाकटीने हे समजूत घालायला म्हटलं होतं. पण समजूत घालणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो, हे थोरलीला पाठ होतं. त्या दिवसापासून नवरासुद्धा ‘तुम्हा दोघींना कसं वाटतंय?’ असं विचारायला लागला. दुखणं एक, वाटेकरी दोन.

जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात. या घरात तो दावा कधी उभा राहिला नव्हता. तो वीस वर्षं बसून होता, एकाच खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये. राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा शिवणकामाचा कारखाना होता. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे कोट आणि गाऊन. थोरली कापायची, धाकटी शिवायची. धाकटीच्या हाताखाली मशीनवर दोघी बायका होत्या आणि कोपऱ्यात इस्त्रीवाले काका. ते इस्त्री कपड्यांवर फिरवत आणि जीभ माणसांवर.

कापणाऱ्याचा मान वेगळा. शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने आखायचं, आणि मग उभ्या पात्याचं विजेचं कटर त्या रेघेवरून सरळ चालवायचं. डाव्या हातात बोटं वाचवायला पोलादी जाळीचा मोजा. तो मोजा थोरलीच्या हातावर बसलेला होता. दुसऱ्या कुणी हात लावला तर ते तिला न पाहताही कळायचं. ‘एक चूक म्हणजे चाळीस चुका,’ असं ती नव्या बायकांना ऐकवायची, आणि ऐकवताना धाकटीच्या मशीनकडे बघायची.

शाळांच्या सुट्टीत काम कमी असतं. तेव्हाच एका दिवशी दोघींची ऑपरेशनं उरकून घ्यावीत असं दोघा भावांनी ठरवलं. आदल्या संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर खोलीत आले. तरुण, बारीक, खिशात चार पेनं. त्यांचा कोट थोरलीनेच कापलेला होता. तिने तो खांद्यापासून खालपर्यंत तपासला आणि समाधानाने मान हलवली. मग तिची नजर कॉलरच्या शिवणीवर गेली. शिवण धाकटीची. तिथे तिने मान हलवली नाही.

डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशननंतर काही जणांचं मन खाली बसतं. पोट बरं होतं, पण रडू येतं, धास्ती वाटते, झोप उडते. भुलीचंच एक जुनं औषध आहे. त्याची अगदी थोडी मात्रा ऑपरेशन चालू असताना दिली, तर हे टळतं का, ते आम्ही पाहतोय. तुमची तयारी असेल तरच. निम्म्या लोकांना ते औषध मिळतं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी.”

“आम्हाला काय मिळणार?” थोरलीने विचारलं.

“ते मलाही कळत नाही. नंबर घातलेली बंद पाकिटं आहेत. ज्याचं ऑपरेशन आधी, त्याचं पाकीट आधी. एक वेगळी नर्स ते उघडते आणि सिरिंज भरून देते. आत काय ते फक्त तिला ठाऊक. पुढे काही महिने दर आठवड्याला फोन करून आम्ही तुमची चौकशी करणार.”

“करा की, नाव घाला माझं,” धाकटी लगेच म्हणाली.

थोरली नाही म्हणणार होती. पण धाकटी एखाद्या यादीत असावी आणि आपण नसावं, हे तिच्या तब्येतीला मानवणारं नव्हतं.

“पुढचं पाकीट कितवं?”

“एक्केचाळिसावं.”

“आणि पहिली मी.”

“हो, यादीत तुम्ही पहिल्या.”

म्हणजे एक्केचाळीस आपलं. थोरलीने ते मनात गाठ मारून ठेवलं. ते मुळातच चांगलं असणार, कारण ते पहिलं होतं.

सकाळी दोघींना गाऊन घालून तयारीच्या खोलीत नेलं. खोलीत दोन खाटा होत्या. एक खिडकीपाशी, एक संडासाच्या दारापाशी. नर्सने कागद पाहिला आणि खिडकीपाशी धाकटीला झोपवलं. थोरली काही बोलली नाही. पण दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तेव्हा यंत्र तिच्या वतीने बोललं. आकडा इतका वर गेला होता की नर्सने दुसरं यंत्र आणून पुन्हा मोजला.

“काकू, घाबरलात का?”

“मी? छे!”

“थोडं थांबू या. तोवर दुसऱ्या काकूंना आत घेतो.”

धाकटीची खाट चाकांवरून सरकत गेली. जाताना तिने हात हलवला. “जाऊन येते हो, ताई!” जणू बाजारात निघाली होती. आणि तिच्याबरोबर एक्केचाळीस नंबरचं पाकीट गेलं.

तासाभराने थोरलीला नेलं. नाकावर मुखवटा येण्याआधी तिला शेवटचं दिसलं ते स्वतःच्या गाऊनच्या खांद्यावर वाकडं गेलेलं टाक्यांचं वळण. धाकटीचंच.

धाकटी भुलीतून जागी झाली ती चहा मागतच. थोरली जागी झाली ती रडत. कारण काही नव्हतं. पोट दुखत नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. नर्सने गाल पुसले, तर त्या पुसण्याचंही तिला रडू आलं. पलीकडच्या खाटेवर धाकटी नर्सला विचारत होती, “माझे तीन खडे बाटलीत घालून देणार ना? दाखवायला लागतील.”

तिथेच थोरलीचा निकाल लागला. औषध एक्केचाळीसमध्ये होतं. आपल्याला मिठाचं पाणी.

घरी आल्यावर रोज पुरावे सापडू लागले. पंधरा दिवसांत धाकटी मशीनवर बसली आणि गुणगुणायलाही लागली. ती आधीही गुणगुणायची, वीस वर्षं गुणगुणत होती. पण आता ते गुणगुणणं औषधाचं होतं, आणि औषध थोरलीचं होतं. धाकटी हसली की थोरलीला वाटायचं, माझ्या वाट्याचं हसतेय. धाकटीला दुपारी डुलकी लागली की वाटायचं, माझी झोप लागली हिला.

कारण थोरलीला झोप नव्हती. उजाडायच्या कितीतरी आधी डोळे उघडायचे आणि छातीवर कुणीतरी ओल्या कापडाचा तागा ठेवल्यासारखं वाटायचं. टेबलापाशी उभी राहिली की खडू हातात थरथरायचा. ‘एक चूक म्हणजे चाळीस चुका’ हे वाक्य आता तिलाच कुणीतरी ऐकवत होतं. ती साचा ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. शेवटी स्टूल ओढून बसायची. अन्नाला चव नव्हती, लोकांच्या बोलण्याला चव नव्हती. शेजारणीने कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची बातमी आणली, तीही थोरलीला अळणी लागली.

दर मंगळवारी अकरा वाजता दवाखान्यातून फोन यायचा. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून धाकटी स्पीकर लावायची. आधी तिचा नंबर, कारण ती एक्केचाळीस. थोरली बेचाळीस.

“एकट्या आहात ना, काकू?” फोनवाली नर्स विचारायची.

“हो, हो, एकटीच,” धाकटी म्हणायची. मशीनवरच्या दोघी आणि इस्त्रीवाले काका कान टवकारून बसलेले असायचे.

नऊ प्रश्न होते. गेल्या आठवड्यात मन उदास होतं का? कशात रस वाटला का? झोप? भूक? थकवा? अजिबात नाही तर शून्य, रोजच तर तीन. धाकटी प्रामाणिकपणे आठवून आठवून सांगायची. “थकवा आहे बाई, एक मांडा. झोप? परवा यांच्या घोरण्याने गेली, पण तो काही आजार नव्हे. मांडा एक.” तिचे पहिल्या मंगळवारी सात झाले.

मग फोन थोरलीकडे आला.

“मन उदास, निराश?”

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी बॉबिन भरत होती. सात. आता हिच्या सातापेक्षा जास्त कसे सांगायचे? आणि तेही चारचौघांत, काकांच्या देखत?

“शून्य.”

“कशात रस, आनंद?”

“भरपूर. शून्य.”

झोपेला तिने एक दिला आणि थकव्याला एक. सगळीच शून्यं दिली तर खोटं वाटलं असतं. एकूण दोन.

“वा, काकू!” नर्स म्हणाली. “तुमच्यासारख्या फार थोड्या.”

त्या ‘वा’वर थोरलीने अर्धा दिवस काढला. दुसऱ्या मंगळवारी धाकटीचे सहा झाले, थोरलीचे पुन्हा दोन. तिसऱ्याला धाकटीचे पाच. थोरलीने सावधगिरी म्हणून एकावर आणले.

जिंकली खरी, पण तेलही गेलं, तूपही गेलं. मन एवढं ठणठणीत असलेल्या बाईची चौकशी कोण करणार? नवरा पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. इस्त्रीवाले काका म्हणाले, “एक मार्क! आमच्या नातीला गणितातसुद्धा एवढा कमी पडला नव्हता.” स्टुलावर बसलेल्या जावेकडे बघून धाकटीने एक दिवस मशीनवरच्या बाईला हळूच सांगितलं, “बऱ्या आहेत हो. विश्रांतीची गोडी लागलीय.” थोरलीचे कान कटरच्या पात्यापेक्षा धारदार होते. तिने ऐकलं.

सहाव्या आठवड्यात दवाखान्याची मागणी आली. चाळीस कोट, तीन आठवड्यांत. कोट निळ्या कापडाचे, ज्याची सुलटी बाजू गडद आणि उलटी फिकट. कापड येऊन पडलं. चार दिवस पडून राहिलं. थोरली रोज सकाळी त्यावर हात फिरवायची आणि ‘उद्या’ म्हणायची.

पाचव्या दिवशी धाकटी टेबलापाशी आली. “ताई, मी कापू का?”

काकांची इस्त्री हवेत राहिली. वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

थोरलीच्या तोंडून ‘हात तर लावून बघ’ निघायला हवं होतं. निघालं, “काप.”

धाकटीने पोलादी मोजा घातला. तो तिला मोठा होत होता. तिने मनगटाशी दोरीने बांधला आणि बोटं हलवून पाहिली. थोरलीला वाटलं, आपला आणखी एखादा खडा आतच राहिला असावा. पाकीट घेतलंस. खिडकी घेतलीस. आता हात राहिला होता, तोही घे.

धाकटीने दोन दिवस खपून कापड अंथरलं. चाळीस थर, सगळे सुलटी बाजू वर करून. अंथरलं बरं होतं, कडा जुळल्या होत्या. मग तिने साचे मांडले. पाठ, बाह्या, कॉलर. शेवटी पुढचा भाग. कोटाला पुढून दोन भाग लागतात, डावा आणि उजवा. साचा एकच असतो. तो एकदा सुलटा ठेवून आखायचा, मग पालथा घालून आखायचा. असं केलं की एक डावा मिळतो, एक उजवा. हे थोरलीच्या हाताला इतकं ठाऊक होतं की तिने ते कधी कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं.

धाकटीने साचा ठेवला, आखलं. मग तो उचलून शेजारी ठेवला, तसाच, न पालथा घालता. पुन्हा आखलं.

“अं,” थोरली म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं. “काय, ताई?”

दोन डावे. चाळीस थरांत ऐंशी डावे आणि उजवा एकही नाही. तीन शब्द पुरले असते. पालथा घाल साचा. थोरलीने ते तीन शब्द जिभेवर घेतले, चघळले आणि गिळले.

“काही नाही.”

कटर सुरू झालं. पातं रेघेवरून सरळ गेलं. हात बरा होता मेलीचा.

चूक दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. पहिला कोट जोडायला घेतला तेव्हा. धाकटीने एक भाग उचलला, दुसरा उचलला, उलटा करून लावला, तर फिकट बाजू बाहेर आली. तिसरा उचलला. मग ती गठ्ठ्यातले सगळे भाग एकामागून एक बघत गेली, आणि तिचा चेहरा कापडाच्या उलट्या बाजूसारखा झाला.

“सगळे डावेच!” ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. पदराचा बोळा तोंडाला लावून रडायला लागली. वीस वर्षांत थोरलीने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मशीनवरच्या दोघी धावल्या. काका ‘अरे देवा’ म्हणून गप्प झाले, आणि काका गप्प होणं हा काही लहान प्रसंग नव्हे.

थोरली स्टुलावर बसून वाट बघत होती.

कशाची, तर गुदगुल्यांची. हा क्षण तिला चांगला ओळखीचा होता. दुसऱ्याचं बिघडलं की आधी छातीत एक ऊब येते, मग चेहरा दुःखी ठेवायची मजा येते, मग ‘अगं होतं असं’ म्हणताना जिभेवर साखर येते. अशा छोट्या छोट्या साखरांवर तिची वीस वर्षं गोड झाली होती. धाकटीची भाकरी करपली, धाकटीचा जावई तुसडा निघाला, धाकटीच्या केसांचा रंग फसला. एकेक तिने पुरवून पुरवून चाखली होती. आणि आज तर ताटच भरून समोर आलं होतं. आपल्या टेबलावर, आपला मोजा घालून, आपलं पाकीट पचवलेली बाई ऐंशी डाव्यांच्या ढिगात बसून रडत होती.

ऊब आली नाही.

थोरलीने आणखी थोडी वाट पाहिली. तिने मुद्दाम खिडकीची खाट आठवून पाहिली, तीन खडे आठवून पाहिले. काही नाही. आत सगळं त्या मिठाच्या पाण्यासारखं, ना गोड ना कडू. तिला धाकटीची कीवही आली नाही आणि आनंदही झाला नाही. तेव्हा मात्र ती घाबरली. रडू येत होतं तेव्हा घाबरली नव्हती, झोप गेली तेव्हा नव्हती. पण जावेची फजिती समोर बघून आपल्याला काहीच वाटू नये, म्हणजे आपण उरलो कुठे?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. मंगळवार होता. फोन वाजला.

धाकटीने नाक पुसून स्पीकर लावला आणि कशीबशी आपली उत्तरं दिली. “आज विचारू नका हो, आज सगळंच तीन आहे, पण ते कोटांमुळे. गेल्या आठवड्याचं म्हणाल तर एकच.” मग तिने फोन पुढे केला.

“काकू, नेहमीसारखंच ना?” नर्स म्हणाली. “कशात रस, आनंद वाटत नाही, असं किती दिवस?”

“रोज,” थोरली म्हणाली.

“म्हणजे… शून्य?”

“तीन. रोज म्हणजे तीन ना? तीन मांडा.”

काकांची इस्त्री कपड्यावर थांबली. जळका वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली. धाकटीने एकदा जावेकडे पाहिलं. मग ती उठली, स्पीकर बंद केला, फोन थोरलीच्या कानाला लावला आणि मशीनवरच्या बायकांना म्हणाली, “चला, उठा. काका, तुम्हीसुद्धा. जरा बाहेरचं ऊन बघून या.” सगळ्यांना बाहेर काढून तिने दार लोटलं. स्वतः जाऊ की राहू अशी उंबऱ्यावर उभी राहिली.

“राहा,” थोरली म्हणाली.

थोरलीने नऊही प्रश्नांची उत्तरं खरी दिली. शेवटचा प्रश्न जगण्याच्या कंटाळ्याचा होता. “दोनदा वाटलं,” थोरली म्हणाली, “झोपावं आणि उठूच नये. करायचं असं काही नव्हतं मनात. नुसतं उठू नये.” पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग नर्स म्हणाली, “काकू, बरं झालं सांगितलंत. एकोणीस होतात. डॉक्टर तासाभरात फोन करतील. तोवर कुणी आहे ना जवळ?”

“आहे,” थोरली म्हणाली. “एकोणीस म्हणजे सगळ्यात जास्त का?”

“काकू, याच्यात जास्त चांगलं नसतं.”

“ते कळलं. विचारलं नुसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. चार पेनवाल्या डॉक्टरांनी कागद पुढे ओढले.

“कागदावर तुम्ही आमच्या सगळ्यात आनंदी बाई होतात,” ते म्हणाले. “मी तर मनात म्हणत होतो, बेचाळीस नंबरात औषधच असणार.”

“आणि मला वाटायचं एक्केचाळीसमध्ये,” थोरली म्हणाली. “उघडा की पाकीट. एकदाचं कळू दे.”

“शेवटच्या माणसाचं होईपर्यंत नाही उघडता येत. आणि त्याची गरजही नाही. ज्यांचे आकडे वर जातात त्यांना उपचार द्यायचे, लागलं तर हेच औषधसुद्धा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. तुमच्या कागदावर ते लिहिलंय, खाली तुमची सही आहे. पाकिटात काहीही असो. तुम्ही पहिल्याच मंगळवारी खरं सांगितलं असतं, तर पाच आठवड्यांपूर्वीच आला असतात.”

थोरलीला ते नीट समजायला वेळ लागला. जे औषध धाकटीने पळवलं म्हणून ती जळत होती, ते नुसतं मागायची खोटी होती. आणि तिने दर मंगळवारी आपल्या तोंडाने ‘नको’ सांगितलं होतं.

मनाच्या डॉक्टरीणबाई येऊन तासभर बोलून गेल्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, दर आठवड्याला भेटायला बोलावलं. “गोळ्यांना दोन-तीन आठवडे लागतात,” त्या म्हणाल्या. “तोवर आधार म्हणून तेच भुलीचं औषध, थोडं, सलाइनमधून हळूहळू देऊ. कुणाला लागू पडतं, कुणाला नाही. पडलं तरी एकदा देऊन भागेल असं नाही. जादू समजू नका.”

खाट या वेळी खिडकीपाशी मिळाली. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, शेजारी नर्स बसून. पाऊण तास. थोरलीला वाटलं, आपण टेबलावर अंथरलेलं कापड आहोत, सर्वांत वरचा थर, आणि खालचे एकोणचाळीस हळूच कुणीतरी काढून घेतंय. भीती वाटली, मग वाटेनाशी झाली. छत दूर गेलं आणि परत आलं. उशाशी धाकटी दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती.

“मी पाहिलं होतं,” जीभ जरा जड असतानाच थोरली म्हणाली. “साचा पालथा घातला नाहीस, ते. आणि बोलले नाही.”

“ठाऊक आहे,” धाकटी म्हणाली. “तुम्ही ‘अं’ केलंत. वीस वर्षांत तुम्ही ‘अं’ करून गप्प बसलात असं एकदा तरी झालंय का, ताई? मी मेली खुळी. मला वाटलं, पहिल्यांदाच माझं काहीतरी बरोबर आलं.”

नर्सने सलाइनची नळी तपासून पाहिली.

“आणि एक सांगू का,” धाकटी पिशवीच्या बंदाशी खेळत म्हणाली. “तुमचे दोन आले ना पहिल्यांदा, तेव्हा मी जळून कोळसा झाले होते. म्हटलं, चांगलं पाकीट लागलं यांनाच. माझे सात! नंतर मी दोन-तीन वेळा कमी सांगितले.”

“किती कमी?”

“एकेक. फार नाही.”

“पुढच्या मंगळवारी खरे सांग,” थोरली म्हणाली आणि डोळे मिटले.

त्या दिवशी फार काही झालं नाही. डोकं गरगरलं, घरी येऊन झोपली. गुरुवारी उजाडल्यावर जाग आली, म्हणजे खरंच उजाडल्यावर. तागा छातीवर होता, पण कोरडा. शुक्रवारी दवाखान्यात पुन्हा सलाइन. शनिवारी दोन घास जास्त गेले. रविवारी नवऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचारलं, “कसं वाटतंय गं?” ती म्हणाली, “विचारत राहा. कळेल तेव्हा सांगेन.”

सोमवारी सकाळी ती खाली कारखान्यात आली आणि स्टुलावर बसली. ऐंशी डावे भाग टेबलाच्या कडेला गठ्ठा करून ठेवलेले होते. कुणाची टाकायची हिंमत नव्हती, ठेवून काय करायचं तेही कळत नव्हतं. धाकटी दोन कप चहा घेऊन आली. एक तिने थोरलीपुढे ठेवला, दुसरा हातात घेऊन मशीनकडे वळली.

थोरलीने आपल्या कपाकडे पाहिलं. तो कडेपासून दोन बोटं रिकामा होता. मग तिने धाकटीच्या कपाकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता, इतका की धाकटी चालताना तो सांभाळत होती.

छातीत काहीतरी टोचलं. बारीक, टाचणीएवढं. पण ओळखीचं.

“ए,” थोरली म्हणाली. “तुझ्या कपात जास्त आहे.”

धाकटी पाठमोरीच थांबली. वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. त्या गडबडीत चहा बशीत सांडला.

“आहेच, ताई,” ती म्हणाली. “बुधवारपासून रोज ओततेय. एवढं एवढं जास्त. पाच दिवस माझाच कप भरून पितेय, आणि तुम्ही मुकाट्याने अर्धा पिऊन उठताय. आज बोललात.”

इस्त्रीवाले काका कोपऱ्यातून म्हणाले, “चला, जिवात जीव आला. आता घरात भांडण ऐकायला मिळेल.”

“तुम्ही इस्त्री सांभाळा,” थोरली म्हणाली. “मागच्या मंगळवारी कुणाची बाही जाळलीत ते मी विसरले नाही.” तिने धाकटीच्या हातातून भरलेला कप घेतला आणि आपला तिच्या हातात दिला. चहा गोड होता. शेवटच्या घोटापर्यंत गोड होता.

मग ती उठली आणि तिने डाव्या भागांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. हात थोडा थरथरत होता. तो तिने तसाच थरथरू दिला.

“रडायला काय झालं होतं एवढं? वाया काय गेलंय यातलं? दुसरा तागा आण. ऐंशी उजवे काप, पाठी-बाह्या चाळीस काप, की झाले ऐंशी कोट. चाळीस आत्ता जातील, चाळीस पुढच्या मागणीला. दवाखान्याला कोट लागणार नाहीत असा दिवस यायचा आहे का?”

धाकटी कप धरून उभीच राहिली. “हे आधी का नाही सुचलं मला?”

“कारण तू शिवतेस,” थोरली म्हणाली.

तिने पुठ्ठ्याचा साचा उचलला, पालथा घातला आणि खडू शोधला. मग खिळ्यावरून पोलादी मोजा काढून हातात चढवला, बोटं मिटली, उघडली आणि कपाळाला आठी घातली.

“सैल झालाय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “कुणी घातला होता कोण जाणे.”